हिरीचा पडदा

मी आयुष्यभर माणसांना जमिनीवर आडवं झोपवलं आणि फोटोत उभं दाखवलं. हा माझा धंदा होता.

जावयानं परवा मोबाईलवर दाखवलं, की पुण्या-हैदराबादला आता मोठी मोठी दालनं निघालीत. भिंतीवर आणि फरशीवर चित्रं रंगवलेली. माणूस त्यात जाऊन बसतो, झोपतो, आणि फोटोत तो कड्यावरून लोंबकळतो, नाहीतर मगरीच्या जबड्यात बसून चहा पितो. लोक तिकीट काढून आत जातात. फरशीवर पावलं काढलेली असतात, इथं उभं राहा म्हणून. जावई म्हणाले, "मामा, काय डोकं लढवलंय बघा." मी म्हणालो, "हे मी सोनपेठच्या बाजारात करत होतो, तुमी चड्डीत होता तवा. आन् मला पावलं काढायची गरज न्हवती. मी वरनं ओरडायचो." त्यांना काही ते पटलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादकांनी दुरुस्त करावं. बाकी कशात हात घालू नये.

मी मूळचा परभणीचा पाट्या रंगवणारा. दुकानाच्या पाट्या, बैलांची शिंगं, नाटकवाल्यांचे पडदे, सगळं रंगवलं. एवढा मोठा पडदा टांगायला माझ्याकडं भिंत नव्हती. म्हणून तो अंगणात अंथरायचा, वाकून रंगवायचा आणि मधूनमधून घोड्यावर चढून वरून बघायचं. घोडा म्हणजे रंगाऱ्याची दोन्हीकडं पाय असलेली शिडी. एकदा राजवाड्याचा पडदा अंथरला होता आणि बायको त्याच्याच एका कोपऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी वर चढून बघतो तर बाई राजवाड्याच्या भिंतीला पालीसारखी चिकटून तांदूळ निवडायलीय. मी हसलो.

"काय झालं दात काढायला?"

"तुझी पाल झालीय."

त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं, पण धंदा मिळाला.

पुढं मी दोन भिंगांचा एक जुना कॅमेरा घेतला. त्यात वरच्या काचेत चित्र दिसतं आणि खालच्या भिंगातून फोटो निघतो. पडदे चार रंगवले, पण नाव झालं ते हिरीच्या पडद्यानं. विहिरीला आमच्याकडं हीर म्हणतात. वरच्या टोकाला आभाळ, त्याच्याखाली कठडा, मग दगडी बांधकाम खोल खोल उतरत गेलेलं, दगडाच्या सांदीत उगवलेलं पिंपळाचं रोप, आणि तळाला काळं पाणी. हा पडदा मांडवात जमिनीवर अंथरायचा. एकानं खाली, पाण्याकडं पाय करून झोपायचं आणि हात डोक्याच्या वर न्यायचे. दुसऱ्यानं कठड्यावर पोट टेकून झोपायचं आणि हात खाली सोडायचा. मी घोड्यावरून फोटो काढायचो. फोटोत एकजण हिरीत लोंबकळतोय आणि दुसरा त्याला ओढून काढतोय.

ऐकायला सोपं वाटतं. जावयांनाही वाटलं. पण झोपलेल्या माणसात आणि लोंबकळणाऱ्या माणसात फरक कपड्यांचा असतो. धोतराचा सोगा पायाकडं ओढून टाचणीनं पक्का करावा लागतो. केस पायाकडं विंचरावे लागतात. पोट आपोआप आत जातं, त्यासाठी काही करावं लागत नाही. निम्मी गिऱ्हाइकं त्यासाठीच परत यायची. अवघड काम तोंडाचं. झोपवलं की माणूस हसतो, आणि बुडणारा माणूस हसत नाही. मग मी वरून ओरडायचो, "खिशातलं पाकीट बघा!" सगळ्यांची तोंडं लगेच बुडणाऱ्याची व्हायची. त्याच वेळी बटण दाबायचं.

पडद्याशिवायचे फोटोही काढायचो. एकजण जवळ, एकजण लांब उभा केला की लांबचा जवळच्याच्या तळहातावर बसतो. चारठाण्याला देवळं बघायला आलेलं एक जोडपं होतं. मी बाईच्या तळहातावर नवऱ्याला उभा केला. फोटो निघाला आणि नवरा म्हणाला, आता मला तिला धरू द्या. बाई म्हणाली, "इतकी वर्सं धरलंय की. एक दिस मला धरू द्या." तो देवळात जाऊन बसला. फोटो बाईनं नेला.

पिंगळीच्या एका पैलवानाला एका हातानं आगगाडी थांबवायची होती. टेसनाच्या अलीकडं रुळापासून दूर वावरात उभं केलं की ते जमतं. गाडी टेसनात उभी होती. मी म्हणालो, "हात करा पुढं." तो म्हणाला, "ही तर थांबलेलीच हाय. मला चालती पाहिजे."

"पैलवान, फोटोत चालती आन् थांबलेली सारखीच दिसती."

"लोकांला सारखी. मला म्हाईत राहील ना."

आम्ही दुसऱ्या गाडीची वाट बघत दुपारभर वावरात बसलो. तो माणूस मला आवडला. असली गिऱ्हाइकं कमी.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव होऊन बसला होता आणि पाटी जुनीच होती. मी पाट्या रंगवणारा माणूस. तेवढी पाटी हे माझं एका दिवसाचं काम. पण त्या पाटीपायी आमच्याकडं घरं जळाली होती, आणि जळायचं थांबल्यावरसुद्धा कोण कुणाच्या ओट्यावर बसतो, कोण कुणाच्या कपात चहा पितो, यावर लोकांची नजर असायची.

त्यात एका बाजारी माझ्या मांडवात दोघं तरणे आले. एक बाळासाहेब, सोनपेठच्या अलीकडच्या एका गावच्या बड्या शेतकऱ्याचा मुलगा. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात. दुसरा त्याच गावचा गौतम, बौद्ध वस्तीतला, एसटीत कंडक्टर. मी म्हणालो, "हिरीचा काढायचा? मग ठरवा वर कोण ते." इथं नेहमी भांडण व्हायचं. सगळ्यांना वाचवणारा व्हायचं असतं, बुडायला कुणी तयार नसतं. सख्खे भाऊ या जागेवरून भांडून फोटो न काढता गेलेले मी बघितलेत. या दोघांचं भांडण झालं नाही. बाळासाहेब सरळ खाली जाऊन झोपले, गौतम कठड्यावर.

मी म्हणालो, "तळहातात तळहात द्या, चांगला दिसतो."

"मनगट," गौतम म्हणाला. "वल्ला तळहात निसटतो, पेंटर."

मला वाटलं, कुठंतरी वाचलं असेल. पाकिटाचं ओरडायची गरज पडली नाही. दोघंही हसत नव्हते. माझ्या हातून निघालेल्या हिरीच्या फोटोंत तो पहिल्या नंबरचा. पुढच्या बाजारी त्यांनी दोन प्रती नेल्या. गौतमनं त्याची प्रत काचेत बसवून घरात लावली.

त्यानंतरच्या बाजारी बाळासाहेबांचे वडील आले. गंगाधरराव. उंच माणूस, पांढरा पटका, बरोबर दोन गडी. बाजारात कुणाचा मांडव कुठं पडायचा हे त्यांच्या शब्दावर चालायचं.

"हिरीचा फोटो काढणारा तूच का?"

"मीच."

"माझं पोरगं त्याच्या हाताला लोंबकळायलंय."

"फोटो हाय, मालक."

"गाव बघायला जायलंय त्याच्या घरी."

"चांगला आलाय म्हणूनच जायलं असंल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुझ्याकडं त्याची निगेटिव असंल ती फाड. त्याच्या भिंतीवरचं मी बघतो."

मी आजवर कुणाच्या सांगण्यावरून निगेटिव फाडलेली नाही. एका पोलिसानं सांगितलं होतं, त्याचीसुद्धा नाही. पण मांडवाची जागा त्यांच्या हातात होती, म्हणून मी त्यांना धंदा समजावून सांगितला. "मालक, वर कुणी न्हवतं आन् खाली कुणी न्हवतं. दोघंबी भुईवर आडवे होते. वर-खाली ते फक्त घोड्यावरनं दिसतं. खरं बघितलं तर दोघं शेजारी शेजारी झोपलेले."

"शेजारी शेजारी?"

"एकाच पडद्यावर."

हे सांगून गोष्ट सुधारेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही.

गंगाधरराव म्हणाले, "मग दुसरा काढ. मी वर, बाळ्या खाली. माझ्या बैठकीत लावतो. लोक दोन्ही बघतील, मग कळंल कोणचा खरा." मी म्हणालो, काढतो. माझा पडदा सगळ्यांना सारखा.

पुढच्या बाजारी बापलेक आले. भाजी तशीच टाकून लोक मांडवाभोवती जमले. गंगाधररावांनी जोडे काढले, पण पटका काढेनात.

"मालक, हिरीत वाकल्यावर पटका डोक्यावर राहतो का?"

"माझा राहतो."

मी टाचण्या लावून तो पक्का केला. ते कठड्यावर पोट टेकून झोपले. बाळासाहेब खाली पाण्याकडं पाय करून झोपले. मी घोड्यावर चढलो.

"मालक, हात सोडा खाली. आणखी. बास. बाळासाहेब, धरा."

बाळासाहेबांनी हात अंगासरशी ठेवले होते, ते तसेच ठेवले.

"बाळ्या, हात दे," गंगाधरराव म्हणाले.

"न्हाई देत."

"लोक बघायलेत."

"तवाबी बघत होते, दादा."

बाळासाहेब उताणे होते. त्यांना बाप दिसत नव्हता, वर घोड्यावर मी दिसत होतो. म्हणून ते माझ्याशी बोलल्यासारखं बोलले. "पेंटर, दादाचा हात इथं न्हवता. दादा काठावर उभे होते."

"मला पवता येत न्हवतं," गंगाधरराव म्हणाले. तोंड पडद्याजवळ असल्यामुळं आवाज दबका आला.

"मला म्हाईत हाय. त्याचं मला काईच न्हाई. पण पाणी कशापायी उपसलं?"

गर्दीतल्या लोकांना हे माहीत होतं, मला तिथं घोड्यावर उभ्या उभ्या त्यांच्या कुजबुजीतून कळलं. लहानपणी बाळासाहेब घरच्या हिरीत पडले होते. गाव त्याच हिरीचं पाणी प्यायचं, वस्ती सोडून. काठावर माणसं जमली, पण उडी घेतली ती शेळ्या राखणाऱ्या गौतमनं. मनगटाला धरून त्यानं पोराला पायरीपर्यंत आणलं. पोरगं वाचलं. मग गौतम हिरीत उतरला म्हणून गंगाधररावांनी मोट जुंपली आणि हीर तळापर्यंत उपसून टाकली. सगळं पाणी रस्त्यानं वाहत गेलं. गौतमला कुणी काही बोललं नाही. वाईट बोललं नाही आणि चांगलंही नाही.

गंगाधररावांचा हात तसाच खाली सोडलेला. पालथं पडून हात लांब धरणं सोपं नसतं. मी म्हणालो, "मालक, हात दुखत असंल तर टेकवा. खाली भुईच हाय." त्यांनी टेकवला नाही.

"गौतमला बोलवा," ते म्हणाले.

एसटीचा थांबा समोरच होता आणि गौतमची गाडी लागलेली होती. तो खांद्याला तिकिटाची पिशवी अडकवून आला. तोवर गंगाधरराव सरकत सरकत पडद्याच्या खालच्या अंगाला गेले होते आणि पाण्याकडं पाय करून उताणे झाले होते. बाळासाहेब उठून बाजूला उभे होते.

"मी खाली झोपलोय," गंगाधरराव म्हणाले. "तू वर जा. माझा हात धर. पेंटर, काढ फोटो. मिटलं."

गौतमनं त्यांच्याकडं बघितलं. "काका, उठा. धोतराला रंग लागायलाय."

"माझा रंग लागत न्हाई," मी वरून सांगितलं. हे सांगणं भाग होतं.

"न्हाई का? बरं." गौतम मला म्हणाला आणि परत त्यांच्याकडं वळला. "काका, ही हीर पेंटरची हाय. तुमची हीर गावात हाय. माझी माय अजून हातपंपावर उभी राहती, आन् तो पंप उन्हाळ्यात नुसती हवा काढतो. मिटवायचं तर तिथं मिटवा. इथं झोपून काय हुतंय?"

एवढं बोलून तो गेला. गाडीची घंटी वाजली, गाडी सुटली.

गंगाधरराव स्वतःच उठले. बाळासाहेबांनी त्यांचे जोडे पायाशी सरकवले. पटक्यातल्या टाचण्या मी काढून घेतल्या, त्या माझ्या होत्या. जाताना त्यांनी विचारलं, "खाली झोपलो तवा वरनं कसा दिसत होतो?"

"बुडायलेला," मी म्हणालो. "चांगला आला असता."

निगेटिव फाडायचं त्यांनी नाव काढलं नाही.

एक बाजार गेला आणि त्यांचा गडी निरोप घेऊन आला: कॅमेरा घेऊन गावात या. मला नवल वाटलं. मी गेलो तर गंगाधरराव हिरीवरच उभे होते. म्हणाले, "तो म्हणाला ना, तिथं मिटवा. गयाबाईला निरोप धाडलाय, पाणी भरायला ये म्हणून. ती पाणी भरायली आन् मी काठावर, असा फोटो काढ. उद्या कुणी म्हणायला नको की गंगाधररावाला जमलं न्हाई." गयाबाई म्हणजे गौतमची आई. कायद्यानं ती हीर कधीच सगळ्यांची झाली होती. पण कायदा पाणी भरायला येत नाही आणि गयाबाईही आल्या नव्हत्या.

मी कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत हीर बघितली. खरं सांगतो, माझ्या पडद्यापुढं ती बारकी वाटली. दगड सपाट दिसत होते, खोली दिसत नव्हती, पिंपळाचं रोप नव्हतं. भोवतीच्या ओट्यांवर लोक येऊन बसले होते. गावातल्या बाया घागरी घेऊन लांब थांबल्या होत्या, पुढं येत नव्हत्या आणि माघारीही जात नव्हत्या.

गयाबाई आल्या. बारीक अंगाची म्हातारी, डोक्यावर घागर, खांद्यावर दोर. गौतम ड्युटीवर होता. बाळासाहेब त्यांना आणायला गेले होते, पण त्या त्यांच्या दहा पावलं पुढं चालत होत्या. हिरीपाशी आल्या आणि मला बघून थांबल्या.

"हे काय हाय?"

"फोटो काढायचाय, गयाबाई," गंगाधरराव म्हणाले. "तुमी भरा पाणी."

"मला फोटोपुरतं पाणी भरायचं न्हाई. मला रोज लागतं." मग माझ्याकडं वळल्या. "बाबा, तो डबा खाली ठेव."

माझ्या कॅमेऱ्याला कुणी डबा म्हणालं की मी काय करतो हे परभणीत पुष्कळांना माहीत आहे. मी म्हणालो, "मावशी, एकच काढतो."

"तू एक काढशील, मग ह्यांचं काम झालं. माझं काय?"

गंगाधररावांनी माझ्याकडं बघितलं, काढ म्हणून. मला काढता आला असता. बाई पाण्यावर वाकली की तिला कळलंही नसतं, आणि दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरूनही फोटो निघतो. तसा एक फोटो आज माझ्याकडं असता तर या अंकात छापायला दिला असता. मी कॅमेरा गळ्यातून काढला आणि कठड्याच्या पलीकडं जमिनीवर ठेवला.

गयाबाईंनी दोर सोडला. घागर पाण्यावर आपटल्याचा आवाज वर आला. बाळासाहेब पुढं झाले, पण गयाबाईंनी मानेनंच नको म्हणून सांगितलं आणि स्वतः ओढून घेतलं. पदराची चुंबळ केली, घागर डोक्यावर चढवली आणि गंगाधररावांना म्हणाल्या, "सांजच्याला परत येते." विचारलं नाही, सांगितलं. गेल्या.

गंगाधरराव कठड्यावर बसले. मीही बसलो, गाडीला वेळ होता. हिरीच्या पलीकडं इंजिनाची पत्र्याची खोली होती. मोट जाऊन तिथं आता इंजिन आलं होतं. तिथला गडी हात पुसत आला आणि हळूच म्हणाला, "मालक, इंजिन चालू करू का?"

"कशाला?"

"न्हाई... पाणी..."

"ऊस भिजवायचाय का आज?"

"ऊस काल भिजवला."

"मग खाली बस."

गडी बसला. बाया अजून लांबच उभ्या होत्या. आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो, बाळासाहेब बाजूला उभे. उन्हं कलली तरी इंजिनाला कुणी हात लावला नाही. मग वस्तीच्या वाटेनं गयाबाई परत येताना दिसल्या. या खेपेला त्यांच्यामागं आणखी दोघी होत्या.